परसातली पाखरं : एकाच पेटीत चार जातींची अंडी

ताई, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यात वस्तीवर राहतो. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच लहान मशीन आणून अंडी उबवायला ठेवली. घरच्या गावरान कोंबड्यांची १२, ओळखीच्या फार्मवरून आणलेली टर्कीची ६, गिनी कोंबड्यांची ८ आणि जपानी लाव्यांची २०, अशी सगळी एकाच दिवशी ठेवली. लाव्यांसाठी चौदाव्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं आणि पाण्याची दुसरी वाटीही भरली. सतराव्या दिवशी ११ लावे निघाले, एकविसाव्या दिवशी गावरानची ८ पिल्लं. नंतर गिनीची फक्त ३ आणि टर्कीचं एकच निघालं, तेही काल. उरलेली अंडी फोडली तर बहुतेकांत पूर्ण वाढलेली मेलेली पिल्लं होती. लाव्यांतले दोन पाण्याच्या ताटलीत बुडाले. गावरान पिल्लं त्यांच्यात सोडली त्या रात्री चार दबून मेले. आता सगळी पेपर घातलेल्या एका खोक्यात, ९ वॅटच्या बल्बखाली आहेत. टर्कीचं पिल्लू दाण्याला तोंड लावत नाही. गिनीच्या एकाचे पाय फाकलेत. मुलगा आठवीत आहे, त्यानेच सगळी नोंद वहीत ठेवली होती, तो दोन दिवस जेवला नाही. सासूबाई म्हणतात, दारात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी असताना यंत्र आणलं, म्हणून हे पाप लागलं. त्यातच मुलाने परवा ज्वारी काढताना सापडलेली तित्तिराची ७ अंडी घरी आणली आहेत, ती मशीनमध्ये ठेवू म्हणतो. आमचं काय चुकलं? पुन्हा करावं की नाद सोडावा?

— एक भगिनी, बार्शी तालुका

ताई,

चुकलं काय ते मागाहून बघू. आधी जी १७ पिल्लं जिवंत आहेत, त्यांची आजची रात्र नीट जाऊ दे.

तो ९ वॅटचा बल्ब काढून टाका. तो एलईडी आहे. उजेड झकास देतो, ऊब मात्र जवळजवळ काहीच देत नाही. आपल्या लहानपणी बल्बखाली पिल्लं वाढवायचे ते तारेचे बल्ब, हात लावला की चटका बसायचा. तसे पिवळ्या उजेडाचे ४० आणि ६० वॅटचे बल्ब तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मागितले तर मिळतात. साधारण हिशेब पिल्लामागे २ वॅटचा धरतात, पण पिल्लं थोडी असली आणि रात्र गार असली की तेवढ्यावर भागत नाही. बल्ब तळापासून एक-दीड फुटावर ठेवा आणि नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका, आडव्या काठीला तारेने पक्का बांधा. तुसावर बल्ब पडून आग लागल्याची घरं मी पाहिली आहेत.

खोकी तीन करा. टर्कीचं पिल्लू आणि गिनीची तीन एका खोक्यात, कारण ती एकाच वयाची आहेत आणि दोघांना सारखीच जास्त ऊब लागते. त्यांना ६० चा बल्ब. आठवड्याची झालेली गावरान पिल्लं दुसऱ्यात, तिथेही ६० चा. लावे तिसऱ्यात, त्यांना ४० चा पुरेल. ताज्या पिल्लांना पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला ३ अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसेल तरी अडत नाही, पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली गोळा होऊन केविलवाणं चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने झुळूक येतेय, तिकडे गोणपाट लावा. पसरून, पाय ताणून निवांत झोपली असतील तर तुम्हीही जाऊन झोपा. एक काम आणखी करा. पुठ्ठ्याची पट्टी गोल वळवून खोक्यात बसवा, म्हणजे कोपरे बुजतील. पिल्लं एकमेकांवर चढून मरतात ती कोपऱ्यातच.

पेपर लगेच काढा. गुळगुळीत कागदावर पाय सरकतात आणि गिनीच्या पिल्लासारखे फाकतात. पहिले तीन-चार दिवस गोणपाट किंवा जुनं सुती कापड अंथरा, नंतर दोन बोटं जाडीचं भाताचं तूस. फाकलेल्या पायांना अजून वेळ आहे. मऊ चिकटपट्टीची अरुंद फीत घ्या, दोन्ही पाय नेहमी उभं राहताना असतात तेवढ्या अंतरावर ठेवून घोट्याच्या वर इंग्रजी आठाच्या आकारात सैलसर बांधा. दोन दिवसांनी सोडून बघा. आठवडा उलटला की हा उपाय सहसा लागू पडत नाही, म्हणून आजच करा.

पाण्याच्या ताटलीत मुलाच्या गोट्या टाका, ताटली भरून टाका. पिल्लांनी गोट्यांच्या फटीतून पाणी प्यावं, आत उभं राहता येऊ नये. लाव्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा ७-८ ग्रॅमचं असतं. बोटभर पाणी त्याला विहीरच.

आता टर्की. टर्कीचं पिल्लू उपाशी मरतं ते दाणा नाही म्हणून नव्हे, दाणा कुठला हे त्याला कळत नाही म्हणून. कोंबडीचं पिल्लू जमिनीवर दिसेल त्याला चोच मारतं, टर्कीचं बिचारं बघत बसतं. उकडलेलं अंडं बारीक कुस्करा, त्यात कोथिंबिरीची किंवा कांद्याच्या पातीची हिरवी पानं अगदी बारीक चिरून घाला आणि ते खाद्यावर पसरा. मग बोटाच्या नखाने त्यावर टकटक करत राहा, आई चोच मारते तशी. पिल्लाची चोच हळूच पाण्यात बुडवा, लगेच सोडा. हे दिवसातून पाच-सहा वेळा. पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात १०० मिली दूध घालून द्यायची पद्धतही आहे. मात्र ते पाणी दोन-तीन तासांत बदला, आंबलं तर हगवण लागेल. गिनीची पिल्लं शेजारी टोचायला लागली की टर्कीही बघून शिकेल. एकटं असतं तर मी जास्त घाबरले असते.

एवढं झालं की मुलाला जवळ बोलवा आणि त्याची वही उघडा. चूक कुठे झाली ते त्याच्याच वहीत आहे. त्यात पापाचा संबंध नाही, ते तारखांचं गणित आहे.

लाव्याला अंड्यातून निघायला १७ ते १८ दिवस लागतात. कोंबडीला २१. गिनीला २६ ते २८, टर्कीला २८. तुम्ही सगळ्यांना एकाच दिवशी बसवलं आणि लाव्यांच्या घड्याळाप्रमाणे मशीन चालवलं. शेवटचे तीन दिवस अंडी न फिरवणं आणि दमटपणा वाढवणं हे लाव्यांसाठी अगदी बरोबर होतं. पण त्या चौदाव्या दिवशी टर्की आणि गिनी जेमतेम निम्म्या वाटेवर होते. पुढचे दोन आठवडे त्यांची अंडी एका कुशीवर पडून राहिली, तीही कोंदट दमट हवेत.

दमट हवा वाईट का, हे मुलाला नीट समजावून सांगा, त्याला आवडेल. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. उबवताना त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि रुंद टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू कवच फोडण्याआधी त्या पोकळीत चोच घालतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. पाणी पुरेसं उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, आत ओल जास्त राहते, पिल्लू सुजल्यासारखं होतं आणि वळायला जागा न मिळून गुदमरतं. तुम्ही फोडलेल्या अंड्यांत पिल्लं ओली, फुगलेली आणि चिकट होती का, हे पत्रात नाही. पण तशी असणार असं मला वाटतं. गावरानची १२ पैकी ८ निघाली कारण फिरवण्याची खरी गरज पहिल्या दोन आठवड्यांत असते आणि तेवढं तुम्ही नेमाने केलं होतं. पहिल्या खेपेला ८ पिल्लं म्हणजे वाईट नाही, ताई.

मग चार जाती एकत्र काढायच्याच असतील तर काय करायचं? अंडी एका दिवशी ठेवायची नाहीत, पिल्लं एका दिवशी काढायची. पहिल्या दिवशी टर्की, दुसऱ्या दिवशी गिनी, सात दिवस झाले की गावरान, दहा दिवस झाले की लावे. सगळ्यांचा शेवट अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास येतो. पंचविसाव्या दिवसापर्यंत दमटपणा ५० ते ५५ टक्के आणि रोज तीन किंवा पाच वेळा फिरवणं. विषम वेळा अशासाठी, की रात्रीची लांब विश्रांती रोज त्याच कुशीवर येऊ नये. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं राहिलं ते दिसतं. पंचविसाव्या दिवशी फिरवणं थांबवा, दमटपणा ६५ ते ७० वर न्या, आणि झाकणाला हात लावायचा नाही. पहिलं पिल्लू बाहेर आलं की उघडायचा मोह होतो, मला आजही होतो. पण एकदा झाकण उघडलं की आतली दमट हवा निघून जाते आणि जी पिल्लं निम्मं कवच फोडून बसली आहेत त्यांच्या अंगावर आतला पापुद्रा वाळून आवळतो. बाहेर आलेल्या पिल्लाला घाई नसते. अंड्यातला बलक निघण्याआधी त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो, त्यावर ते दोन दिवस सहज काढतं. कोरडं होऊ दे, फुलू दे.

तापमान पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश. पंखा नसेल तर वर गरम आणि खाली गार असं होतं, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याशी धरून ३८.३ ते ३८.९ ठेवतात. तुमचं कुठलं ते कळवलं नाहीत. स्वस्त मशीनबरोबर येणारा दमटपणाचा मीटर दहा-दहा टक्क्यांनी खोटं बोलतो, तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. झाकण आणि मीटर एका बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत आठ तास ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं तर तो ७ ने कमी सांगतो, तेवढे पुढे मिळवत जा.

पण माझा खरा विश्वास मीटरवर नाही, काट्यावर आहे. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा लहान डिजिटल काटा हल्ली स्वयंपाकघरासाठीही मिळतो. कोंबडीचं अंडं ठेवताना ५० ग्रॅम भरलं तर अठराव्या दिवशी ते साधारण ४४ भरायला हवं, म्हणजे शेकडा १२ ते १३ ची घट. दर चार-पाच दिवसांनी तीच तीन-चार अंडी तोला. ४६ वर अडलं असेल तर पाण्याची वाटी काढा, ४२ वर गेलं असेल तर भरा. टर्कीच्या अंड्यालाही हाच नियम, फक्त अंडं मोठं आणि दिवस जास्त. ही नोंद ठेवायला तुमच्या मुलासारखा माणूस मिळणं भाग्याचं आहे.

सातव्या दिवशी रात्री दिवे घालवून बॅटरीच्या तोंडावर अंडं धरायचं. जिवंत अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरा पसरलेल्या दिसतात, जाळ्यात बसलेल्या कोळ्यासारख्या. नीट बघितलं तर तो ठिपका हलतो. रिकामं अंडं पिवळसर स्वच्छ दिसतं, ते काढून टाका. लाव्याच्या अंड्यावरच्या तपकिरी डागांमुळे आतलं नीट दिसत नाही, त्याची खंत करू नका.

रात्री लाईट गेली तर घाबरू नका. मशीनवर चादर किंवा घोंगडी टाका, वरची भोकं मोकळी ठेवा. दोन-तीन तासांनी अंडी मरत नाहीत. खुडूक कोंबडीही रोज पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडी टाकून दाणा-पाण्याला उठतेच की. पिल्लांच्या खोक्याचं मात्र तसं नाही. तिथे गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. तिचा धूर दिसत नाही, पण पिल्लांना मारतो आणि माणसांनाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांगा. पापाचं राहू दे, पण खुडूक कोंबडीबद्दल त्या बोलतात ते अनुभवाचे बोल आहेत. ती अंडी दिवसातून कितीतरी वेळा उलटते, ऊब तिची अंगचीच, लाईट जायची भीती नाही, आणि पिल्लं निघाल्यावर पंखाखाली घेऊन दाणे टिपायलाही शिकवते. टोपलीत राख-वाळू घालून, वर गवत पसरून १०-१२ अंड्यांवर तिला बसवा. गावरान अंड्यांना याहून चांगली सोय नाही. गिनीचीही १२-१५ अंडी ती आनंदाने उबवते आणि गिनीच्या स्वतःच्या आईपेक्षा चांगली सांभाळते. गिनीची मादी पिल्लांना पहाटेच्या दवात गवतातून फिरवते आणि ती ओली होऊन गारठून मरतात. लाव्यांची अंडी कोंबडीखाली नकोत, वजनाने फुटतात. जपानी लावी स्वतः अंड्यांवर बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून ती बसणंच विसरली आहे, म्हणून लाव्यांना मशीन लागतंच.

आणि टर्की? टर्कीची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवू नका. हे मी सांगते आहे कारण मी केलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका खुडूक कोंबडीखाली मी टर्कीची नऊ अंडी ठेवली. सात निघाली. कोंबडी त्यांना घेऊन परसात फिरायची, पिल्लं तिच्यापेक्षा उंच झाली तरी तिच्याच मागे. गल्लीतली मुलं बघायला यायची. दोन महिन्यांची झाली आणि एक दिवस एक पिल्लू पंख पाडून, डोकं खांद्यात घालून उभं राहिलं. खाली पिवळी शिट, हळदीत गंधक कालवल्यासारखी. दहा दिवसांत पाच गेली. मी राणीखेत, म्हणजे मानमोडीचा रोग समजून औषधं देत बसले. डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं, यकृतावर गोल-गोल खळगे पडले होते.

या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात. त्याचा सूक्ष्म जंतू कोंबडीच्या आतड्यातल्या एका बारीक जंताच्या अंड्यातून फिरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, ती धडधाकट दिसते आणि शिटेतून ती अंडी परसभर टाकत राहते. मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळांच्या पोटातही राहतात. टर्कीने त्या मातीतलं काही टिपलं की संपलं. मोर आणि तित्तिराच्या जातीचे काही पक्षीही याला बळी पडतात. म्हणून एक नियम मी त्यानंतर कधीच मोडला नाही. जिथे कोंबड्या फिरल्या आहेत त्या जमिनीवर टर्की उतरू द्यायची नाही. मशीनमधून निघालेली पिल्लं जंतमुक्त असतात, त्यामुळे तुमच्या टर्कीने आजवर गावरान पिल्लांबरोबर एका खोक्यात काढलेल्या एका रात्रीची काळजी नको. पण खोक्यातून बाहेर काढाल तेव्हा तिची जागा वेगळी हवी. गच्चीवर, किंवा जाळीचा तळ करून जमिनीपासून दोन फूट वर. सकाळी आधी टर्कीचं काम उरका, मग लाव्यांचं, शेवटी कोंबड्यांचं. टर्कीच्या जागेत घालायची चप्पल वेगळी ठेवा. ऐकायला अति वाटतं, पण रोग बुटा-चपलांच्या मातीतून जातो. आणि एकटी टर्की झुरते, त्याच फार्मवरून तिच्या वयाची दोन पिल्लं आणता आली तर बघा.

रक्ती हगवणीचं मात्र वेगळं आहे. कोंबडीची रक्ती हगवण टर्कीला लागत नाही, ज्याची त्याची जंतूची जात ठरलेली असते. ती होते ओल्या तुसामुळे, साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. मुठीत तूस दाबलं आणि गोळा झाला तर बदला.

आणि इथेच खाद्याची मेख आहे. रक्ती हगवण होऊ नये म्हणून कोंबड्यांच्या तयार खाद्यात बऱ्याचदा औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं. पण सॅलिनोमायसिन टर्कीला विषारी आहे आणि मोनेन्सिन गिनीला देऊ नये. पोत्यावरची चिठ्ठी वाचा, दुकानदाराला स्पष्ट विचारा, औषध नसलेलं द्या म्हणा. प्रथिनांची गरजही वेगवेगळी. गावरान पिल्लांना २० टक्के पुरतात, लाव्यांना २४ च्या पुढे, गिनीला २४ ते २६, टर्कीच्या पिल्लांना २८ पर्यंत. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या तयार खाद्यात, २२-२३ टक्के असतात. औषधाशिवाय मिळालं तर त्यावर उकडलेलं अंडं वाढवत तुमचं भागेल. लाव्यांसाठी ते मिक्सरमधून रव्याइतकं बारीक करून घ्या.

घरी पेंड आणि मक्याचा भरडा घालणार असाल तर एक जुनी गोष्ट लक्षात ठेवा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं काही महिन्यांत मेली. कारण सापडेना, म्हणून रोगाला नाव दिलं ‘टर्की एक्स’. बदकांची आणि फेझंटची पिल्लंही त्यात गेली. शोध घेता घेता माणसं पोचली ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. पेंडीला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीचं विष म्हणजेच अ‍ॅफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे घराघरांत शेंगदाणा पेंड असते. कुबट वास आला, हिरवट-काळसर झाक दिसली, तर ती कुठल्याच पाखराला घालू नका. वाळवून, भाजून ते विष जात नाही.

लसीकरण आता गावरानचं करायलाच हवं, त्यांचा आठवा दिवस आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. एक-दोन दिवस उशीर झाला म्हणून सोडू नका. गंबोरो या रोगाची चौदाव्या दिवशी, कोंबड्यांच्या देवीची सहा आठवड्यांनंतर. अडचण अशी की कुपी १०० पिल्लांची असते आणि विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवा, कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणा आणि संध्याकाळी सगळ्यांची पाखरं डालग्याखाली धरून एकदमच उरका. टर्की आणि गिनीला काय आणि कधी, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांचं वय सांगून विचारा. एकदम बरीच पाखरं मेली तर मात्र पुरून मोकळं होऊ नका, लगेच दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापुरात.

आता तित्तिराची अंडी. ती मशीनमध्ये ठेवू नका, ताई. मुलाच्या मनात प्रेमच आहे, त्याला रागवू नका. पण तित्तिर, रानातले लावे, मोर, रानकोंबडा हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि त्यांची अंडी उचलणं किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच मानली जाते. कायदा बाजूला ठेवला तरी, तित्तिराच्या पिल्लाला रानातली वाळवी-मुंग्या कशा टिपायच्या आणि घार दिसली की धसकटात कसं निपचित पडायचं, हे त्याची आईच शिकवते. आपण खोक्यात वाढवलेलं पिल्लू रानात सोडलं तर ते पहिल्या मांजराचं. आज संध्याकाळी मुलाला घेऊन ज्या जागी मिळाली तिथेच, त्याच खळग्यात अंडी ठेवून या आणि लांबूनच परत फिरा. तिथली ज्वारी काढून झाली असेल आणि आडोसा उरला नसेल तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करून विचारा. पुढच्या वेळी कापणी करताना घरटं दिसलं तर भोवतीची चार सरी ज्वारी तशीच उभी ठेवा, पिल्लं निघून गेली की कापा. जपानी लावे पाळीव आहेत. १९७४ मध्ये ते आपल्या देशात आणून वाढवायला सुरुवात झाली. तरी रानातल्या लाव्यांशी गल्लत होऊ नये म्हणून फार्मची पावती जपून ठेवा.

पुन्हा करावं का, असं विचारलंत. करा. पण पुढच्या खेपेला चार जाती नकोत, फक्त गावरानची २० अंडी. आणि लवकर. चैत्राचं ऊन लागलं की घरात ठेवलेली अंडी मशीनमध्ये जाण्याआधीच अर्धवट उबायला लागतात. अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली करून ओल्या वाळूत बसवलेल्या माठात ठेवा. फार्मवरून प्रवास करून आलेली असतील तर ठेवण्याआधी एक दिवस स्थिर राहू द्या. दहा अंडी मशीनमध्ये, दहा सासूबाईंच्या खुडूक कोंबडीखाली, एकाच दिवशी. दोन्हीकडची चार-चार अंडी मुलाने तोलायची. कोंबडी दाणे खायला उठेल तेवढ्या वेळात तिची तोलून होतील. सासूबाईंनाही त्यात घ्या, कोंबडी उठण्याची वेळ त्यांना पाठ असेल.

अठराव्या दिवसाचं वहीचं पान मला पाठवायला सांगा त्याला. आणि त्याआधी, टर्कीने पहिला दाणा उचलला की कळवा.